डोणीवरची निळी-हिरवी साय

या मित्रांनो, असे जवळ या. माझ्या काठावर टेकलात तरी चालेल, मी दगडाची आहे, मला ओझं होत नाही. कीर्तनाला बसतात तसे निवांत बसा, मोबाइल खिशात ठेवा आणि घटकाभर कान द्या. एका धुतलेल्या डोणीची, दोन-चार साध्या माणसांची आणि नखाएवढ्या जागेत राहणाऱ्या एका फार जुन्या जिवाची गोष्ट तुम्हाला सांगते.

मी एक जुनी दगडी डोण आहे. डोण म्हणजे गुराढोरांनी पाणी प्यायची जागा. निलंग्यापासून तीन कोसांवरच्या गावात, मारुतीच्या देवळामागे, विहिरीच्या कडेला माझा मुक्काम. रझाकारी संपून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा गुंडप्पा पाथरवटाने काळ्या दगडाची एक अखंड शिळा आणली आणि इथेच पाल ठोकून मला घडवायला बसला. दोन महिने त्याची छिन्नी चालली. तो कानडीत काहीतरी गुणगुणायचा आणि घाव त्या तालावर पडायचे. उत्तरेच्या कोपऱ्यात एकदा छिन्नी घसरली नि दगडाची एक खपली उडाली. तिथे बोटभर खोबण पडली. ती गुंडप्पाला फार लागली. गावाला त्याने ती आपणहून दाखवली आणि म्हणाला, "एवढं तेवढं चुकलं बघा. बाकी काम चोख हाय." गाव म्हणालं, बैल काय खोबण मोजत बसणार आहेत?

काय ते दिवस होते, मित्रांनो. विहिरीवर मोट चालायची. कुईऽ कुईऽ करत ती वर यायची आणि पाण्याचा लोट पाटातून धावत माझ्यात यायचा. संध्याकाळी शेतातून बैल परतले की चाळीस-चाळीस तोंडं माझ्यावर वाकत. त्यांच्या श्वासाने पाण्यावर वलयं उठत. पोळ्याला तर माझा थाटच वेगळा. गळ्यात घुंगरमाळा, शिंगांना बेगड, आणि प्रत्येक धनी म्हणायचा, आधी डोणीवर चला, मग वेशीत. जवळच देऊळ, त्यामुळे माघातला सप्ताह मी एकही चुकवला नाही. बुवांचं निरूपण ऐकत, मृदंगाची थाप अंगावर घेत माझं आयुष्य गेलं. तुम्हाला माझ्या बोलण्यात कीर्तनकाराची ढब वाटली तर ती तिथलीच.

मग मोट गेली, इंजिन आलं. इंजिन गेलं, मोटर आली. ट्रॅक्टर आले तसे बैल कमी झाले. चाळीस तोंडांची वीस झाली, वीसची सहा. पाट जुना झाला, ठिबकू लागला. तो थेंब थेंब माझ्या उत्तरेच्या भिंतीवरून ओघळायचा आणि गुंडप्पाच्या त्या खोबणीत जाऊन थांबायचा. तिथे देवळाची सावली, ऊन जेमतेम तासभर. त्या जागी एक पाहुणा येऊन राहिला.

दुधावर साय धरते ना, तशी एक पातळ साय तिथे धरली. ओली असताना निळी-हिरवी, वाळली की काळी. लोक तिला शेवाळ म्हणायचे, पण ते खरं शेवाळ नव्हे. त्याला शिकलेली माणसं नील-हरित जीवाणू म्हणतात. मी ज्वालामुखीच्या रसाची, साडेसहा कोटी वर्षांची, म्हणून मला थोडा ताठा होता. पण या पाहुण्याचं घराणं अब्जावधी वर्षांचं आहे. पृथ्वीवर श्वास घ्यायला प्राणवायू नव्हता, तेव्हा याच्या पूर्वजांनी उन्हातून तो बनवायला घेतला. हे मला कळलं त्या दिवसापासून माझा ताठा उतरला.

आता माणसांकडे येते.

शेषेराव हा माझ्या शेजारच्या मळ्याचा धनी. गळ्यात तुळशीची माळ, कीर्तनात पहिल्या रांगेत. मारुतीपुढचा दिवा आणि माझी देखभाल त्याने आपल्याकडे घेतलेली. त्याची बायको तुळजाबाई, जिभेने तिखट आणि हाताने गोड. आणि तिसरा गफूर, नालबंद. बैलांच्या खुरांना नाल ठोकण्याचं काम त्याच्या घरी चार पिढ्यांचं. निलंग्याहून सायकलवर यायचा, बैलाला दोराने अलगद आडवं पाडायचा आणि माझ्याच काठाशी बसून खूर तासायचा.

एका उन्हाळ्यात उमरीची एक मुलगी आली. नाव साक्षी. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत ती याच जिवांवर संशोधन करत होती. गावोगावच्या विहिरी, बारवा, डबकी पाहत फिरायची. ती मला खरवडू लागली तेव्हा गफूर बाजूला खूर तासत होता.

"बेटी, सोनं खरडून राहिलीस का?"

"शेवाळ गोळा करते, चाचा."

"ते हिरवं कशाला घेतीस? ते डबक्यात बी घावतं. हे काळं घे, खोबणीतलं. एकांदा खिळा चुकून बैलाच्या मांसात गेला की मी हेच दाबतो. अब्बांनी दावलं होतं. पू न्हाई धरत."

"खरंच नाही धरत?"

"बैलाला इच्यार. तो बिचारा खोटं बोलत न्हाई."

साक्षी हसली, पण तिने ती काळी खपली वेगळ्या कुपीत घेतली. चिठ्ठीवर गावाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. एका नालबंदाचं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे हे तिला ठाऊक होतं. पण ऐकलेलं तपासून पाहायचं असतं, हेही ठाऊक होतं.

वर्षभराने ती परत आली ती हातात मोबाइल धरूनच. शेषेराव, तुळजाबाई, गफूर तिघंही माझ्या काठाशी जमले.

"हे बघा काका. या काचेच्या बशीत जंतू वाढवलेत. जखम चिघळवणारे, नेहमीच्या औषधांना दाद न देणारे. मधोमध हा ठिपका आहे ना, तो तुमच्या डोणीवरच्या सायीचा अर्क. त्याच्याभोवती बघा, एकही जंतू फिरकला नाही. मोकळं रिंगण पडलंय."

"जसं आमच्या सरपंचाच्या कुत्र्याभवती कुनी फिरकत न्हाई," शेषेराव म्हणाला.

"तुमचं आपलं कायबी," तुळजाबाई म्हणाली. "पोरगी काय सांगून राहिली, ह्यांचं काय चाललंय."

साक्षीने मग नीट समजावलं. या जिवाला पळता येत नाही, चावता येत नाही. शेजारच्या जंतूंपासून जागा राखायची तर तो अंगातच रसायनं बनवतो. त्यातलं एखादं माणसाच्या कामी येऊ शकतं. समुद्रातल्या याच्या एका भावंडाच्या विषावरून शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचं एक औषध घडवलंही आहे. "पण याला अजून औषध म्हणू नका," ती बजावून म्हणाली. "ह्याच जातीतले काही विषारी असतात. तळ्यावर हिरवा तवंग येतो, ते पाणी पिऊन गुरं दगावतात. कुठलं तारतं नि कुठलं मारतं, ते निवडण्यातच माझी वर्षं जाणार आहेत."

शेषेरावने हे सगळं मन लावून ऐकलं. पण माणूस ऐकतो ते आपल्या भक्तीप्रमाणे. त्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. एक, आपल्या डोणीत गुण आहे. दोन, हिरवं ते वाईट. त्याला वाटलं, मारुतीच्या पाठीशी ठेवलेला दगड, त्यात साठ वर्षं कीर्तन मुरलेलं, गुण उतरणारच. वरची साय म्हणजे त्यावर चढलेला मळ.

तीन वर्षं गेली. एका श्रावणात शेषेरावचा फोन वाजला तेव्हा तो माझ्याच काठावर बसून विडा लावत होता. साक्षीचा आवाज रडवेला होता. उन्हाळ्याच्या सुटीत थंड ठेवायचं यंत्र चार दिवस बंद पडलं आणि प्रयोगशाळेत जपलेली सगळी साय मेली होती. तिचं काम छापायला पाठवलं होतं, तिकडून उत्तर आलं होतं की प्रयोग पुन्हा करून दाखवा. "एकदा झालेलं आमच्यात झालं म्हणत नाहीत, काका. मार्चपर्यंत पुन्हा दाखवलं नाही तर पाच वर्षांचं काम गेलं. आता जे काही आहे ते तुमच्या डोणीतच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सरांना घेऊन येते. तोवर डोण सांभाळा."

"तू काळजी करू नको, माय," शेषेराव म्हणाला. "डोन माझ्याकडं लागली."

आणि मित्रांनो, त्याने मला सांभाळलं. नांदेडहून मोठा माणूस आपली डोण बघायला येणार, मग तिला अशी गबाळी कशी दाखवायची? पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं, गोठा सारवायचा. घरात चुना नि गेरू आणलेलाच होता. शेषेराव तारेचा ब्रश घेऊन माझ्यात उतरला. माझा तळ घासला, भिंती घासल्या. उत्तरेच्या कोपऱ्यात वाकून त्याने खोबण टोकरून टोकरून साफ केली. दोनदा धुण्याचा सोडा, वरून दोन हात चुना. तुळजाबाईने काठाने गेरूचा पट्टा ओढला, कमळं काढली, आंब्याचं तोरण बांधलं. घामाने निथळत शेषेराव मागे सरकला, माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

दगडाला वाचा नसते. मला तिची उणीव कधी भासली नव्हती. त्या दिवशी भासली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जीप आली. साक्षी उतरली, दोन पावलं चालली आणि थांबली. तिचे सर चष्मा काढून पुसत राहिले.

"कशी दिसतीय?" शेषेराव म्हणाला. "नवरीवानी झाली का न्हाई?"

साक्षीने एकदा त्याच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. "छान झाली, काका," ती म्हणाली. "लई कष्ट घेतले तुम्ही."

तुळजाबाईने पुरणपोळी वाढली. ती पोर मान खाली घालून पोळी खात राहिली. जाताना सरांनी खोबणीतून चुन्याचा एक कपचा घेतला, उगीच, रिकाम्या हाताने परतू नये म्हणून. गफूर तिला जीपपर्यंत सोडायला गेला आणि तिच्याकडून सगळं समजून घेऊन परत आला. माझ्या काठावर बसला.

"अरे शेषू," तो म्हणाला, "तुला डोन सांभाळ म्हनली ती. तू तर दवाखानाच धुऊन टाकला रे."

"म्हंजी?"

"ते काळं, जे तू खरवडलंस, तेच पाह्यजे होतं तिला. दगड नको होता."

शेषेरावने खोबणीत बोट घालून पाहिलं. "मग ती बोलली का न्हाई?"

"काय बोलनार? तुझी बोटं बघितली तिनं."

"आता परत येतंय का ते?"

"म्हनली, दगडाच्या आत कुठं तग धरून असंल तर ईल. चुना उतरला पाह्यजे, भिंत ओली ऱ्हायला पाह्यजे, कुनी हात लावायचा न्हाई. सहा म्हैने लागतील. नाहीतर येनारच न्हाई."

दोन दिवस शेषेराव जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रामलिंगबुवांना घेऊनच माझ्यापाशी आला. बुवा गावातलेच, कीर्तन करायचे, एरवी हरभऱ्याची शेती. शेषेराव म्हणाला, "महाराज, मला प्रायश्चित्त सांगा. सोळा सोमवार सांगा, एक येळचा उपास सांगा."

बुवांनी माझ्या पांढऱ्या भिंतीवरून हात फिरवला. "उपास केलास तर तुझं पोट हलकं व्हईल. डोनीला काय त्याचं? जिथं तुझा हात चालला, तिथंच पानी घाल. रोज."

"किती दिवस?"

"ते इच्यारू नको."

"कोनता मंत्र म्हनू?"

"ज्वारीला पानी देताना कोनता म्हनतोस? गप घाल."

आणि तो गप घालू लागला. पाटाला पाणी यायचं त्याच वर्षी बंद झालं होतं. घरी नळ होता, पण नळाच्या पाण्यात जंतू मारायची पूड असते हे साक्षीने फोनवर सांगितलं, तेव्हा त्याने विहिरीला रहाट बसवला. रोज सकाळी दोन बादल्या शेंदायच्या आणि माझ्या उत्तरेच्या भिंतीवर तांब्या-तांब्याने सोडायच्या, पूर्वी पाट ठिबकायचा तशा. आधी चुना उतरला. तुळजाबाईची कमळं गेली. बैलांच्या पाण्यासाठी त्याने वेगळं पत्र्याचं टीप ठेवलं. आश्विन गेला, कार्तिक गेला, माझी भिंत नुसती काळी आणि बोडकी दिसायची.

लोक थट्टा करायचे. "शेषेराव, डोनीला अभिषेक घालून राहिलाव का? परसाद कवा?" तो पुढचा तांब्या सोडायचा. तुळजाबाई म्हणायची, "पन्नास वरसं संसार केला, माझ्या तुळशीला कधी तांब्याभर घातला न्हाई." पण तो तापाने पडला ते चार दिवस बादल्या तिनेच आणल्या, आणि कुणाला कळू दिलं नाही. गफूरचं नालाचं काम तोवर जवळपास संपलं होतं. तरी तो आठवड्याला एकदा यायचा, काठावर बसायचा. "आलं का?" "न्हाई." "ईल." एवढंच बोलणं.

मला आत ठाऊक होतं. ब्रशाला जिथं पोहोचता येत नाही अशी छिद्रं दगडात असतात. त्यातल्या एक-दोन छिद्रांत तो जीव वाळून, मेल्यासारखा, पण जिवंत होता. माझ्या अंगावर मला तो कळत होता, आणि सांगता येत नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गफूर आला. त्याला डोळ्याने कमी दिसायचं, म्हणून तो सगळं अंगठ्याने बघायचा. नालबंदाचा अंगठा, खुरातली केसाएवढी फट ओळखणारा. खोबणीच्या कडेवर त्याने तो अलगद टेकवला आणि तिथेच ठेवला.

"शेषू. इकडं ये. बुळबुळीत लागतंय."

शेषेराव वाकला. तांदळाएवढा एक डाग होता, निळसर. त्याने हात लावला नाही. नुसता बघत बसला, आणि मग उरलेली बादली घालायची विसरला.

साक्षी एसटीने आली, एकटीच. आधी हातातल्या लहान भिंगाने पाहिलं, मग पिशवीतून एक छोटा सूक्ष्मदर्शक काढून देवळाच्या ओट्यावर मांडला. स्वतः बघितलं, डोळे पुसले, परत बघितलं. मग म्हणाली, "या काका, बघा."

शेषेरावने एक डोळा मिटून पाहिलं. आत हिरवे मणी होते, एकाला एक लागून, लांबच लांब.

"ही तर माळ हाय, पोरी."

"हो काका. असाच असतो तो."

त्याचा हात आपोआप गळ्यातल्या माळेकडे गेला. गफूरने विचारलं, "मला बघू दे की, तुझ्या एकट्याच्या देवाचं हाय का ते?" आणि मग त्याने पाहिलं. तो म्हणाला, "आमच्या जपाच्या तसबीवानी बी दिसतंय." दोघं थोडं हसले.

फाल्गुनात फोन आला. नवीन सायीचा अर्क, तसेच हट्टी जंतू, आणि ठिपक्याभोवती पुन्हा तेच मोकळं रिंगण. मार्च संपायच्या आत तिचं काम पुरं झालं. आता ती साय तीन शहरांत, तीन ठिकाणी जपून ठेवली आहे. त्या फोनवर साक्षी म्हणाली होती, "काका, याचं औषध व्हायला वीस वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही. फार तर पुढच्यांना वाट कळेल."

"मग काय," शेषेराव म्हणाला. "आंबा लावनारा कुठं खाऊन जातो?"

मित्रांनो, या गोष्टीला बरीच वर्षं झाली. गफूरचाचा आता नाहीत. गावात बैलाची एक जोडी उरली आहे, तीही माझ्याकडे येत नाही. पोळ्याला मातीचे बैल पाटावर मांडतात. माझ्यात कुणी प्लास्टिकच्या बाटल्या टाकतं, कुणी उष्टं. मी तक्रार करत नाही, एवढंच म्हणते की जुन्या वस्तूवर पाणी नि ब्रश घेऊन चालून जाण्याआधी तिथे कुणी राहतंय का, ते कुणा जाणत्याला विचारत चला.

शेषेरावला मात्र आता विसर पडू लागला आहे. नातवंडांची नावं चुकतात, घराची वाट चुकते. तरी सकाळ झाली की तो बादली उचलतो. तुळजाबाई कोपर धरून त्याला माझ्यापर्यंत आणते. भिंतीवर तांब्या सोडताना तो मधेच थांबतो आणि विचारतो, "हे पानी मी हितं का घालून राहिलो, गं?"

"घाला," ती म्हणते. "तुमचंच काम हाय."

गेल्या महिन्यात साक्षी आली होती. केस पांढरे होऊ लागलेत तिचे, आता ती पोरांना शिकवते. त्याने तिला ओळखलं नाही. "कोन्या गावची तू?" म्हणाला. ती म्हणाली, "उमरीची." तो म्हणाला, "लांबून आलीस. पानी पी." आणि हातातला तांब्या तिच्यापुढे धरला.

त्या सायीतून उद्या औषध निघेल का, मला ठाऊक नाही. निघालंच, तर त्या डबीवर शेषेरावचं नाव नसणार. त्याच्या स्वतःच्या मनातूनही ते सगळं पुसलं गेलं आहे, चूकसुद्धा आणि त्या दोन बादल्यासुद्धा. माझ्यात ते आहे, पण मी दगड. म्हणून बाळांनो, ते तुमच्याकडे देते. निलंग्याकडे शेषेराव नावाचा एक माणूस आहे, ज्याने मायेपोटी धुऊन टाकलं आणि मग किती दिवस ते न विचारता पाणी घातलं. त्याला आठवत नाही. तुम्ही आठवा.